घरबागेतील रानलसूण : एक आढावा

अरण्यातील एखादी खाद्य वनस्पती घराच्या कुंपणाआत आणून लावावी किंवा लावू नये, हा प्रश्न वरकरणी निव्वळ हौसेचा वाटतो. परंतु ती वनस्पती रानलसूण असली म्हणजे त्या प्रश्नात वनस्पतिशास्त्र, विषविचार, कायदा, वनरक्षण आणि पाकशास्त्र या पाचही विषयांचे धागे एकमेकांत गुंतलेले आढळतात. इंग्लंड, आयर्लंड, जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड, रुमानिया या देशांत वसंताच्या आरंभी रानात जाऊन रानलसणाची पाने खुडून आणण्याची चाल जुनीच आहे. तथापि गेल्या काही दशकांत ही पाने खेड्यांतील स्वयंपाकघरांतून शहरांच्या बाजारांत आणि उपाहारगृहांच्या ताटांत जाऊन पोचल्यामुळे त्यांची मागणी वाढली, अननुभवी मंडळी रानात जाऊ लागली, आणि त्याबरोबर चुकीची पाने पोटात जाण्याचे व रानांतील ताटवे तुडवले जाण्याचे प्रकारही वाढले. अशा स्थितीत ज्याच्या घरामागे सावलीची व ओलाव्याची हातभर जागा आहे, त्याने ही वनस्पती स्वतःच्या बागेत लावणे हा एक विवेकाचा मार्ग ठरतो, असे या लेखाचे प्रतिपादन आहे. मात्र त्या वनस्पतीचा स्वभाव, तिचे विषारी सोबती आणि तिची मूळ भूमी यांचा नीट विचार करूनच हा मार्ग धरला पाहिजे.

प्रथम वनस्पतीची ओळख. लसूण, कांदा आणि लीक यांचा समावेश ज्या ॲलियम या प्रजातीत होतो, तिच्यात आठशेहून अधिक जाती आहेत, आणि त्यांपैकी कितीतरी रानटी जातींना त्या त्या प्रदेशातले लोक रानलसूण म्हणतात. परंतु युरोपात हे नाव घेतले की सामान्यतः ॲलियम उर्सिनम हीच जाती अभिप्रेत असते. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये आपल्या ग्रंथात तिची नोंद केली. इंग्रज तिला रॅमसन्स म्हणतात आणि जर्मन लोक बेअरलाउख. ब्रिटिश बेटांपासून कॉकेशसपर्यंत पसरलेल्या दमट, पानझडी अरण्यांत, विशेषतः ॲश, बीच व हॉर्नबीम या वृक्षांच्या छायेत तिचा अधिवास असतो. आपल्या नेहमीच्या लसणाची पात चपटी व अरुंद असते. रानलसणाची पाने मात्र भाल्याच्या पात्यासारखी रुंद, मऊ आणि गर्द हिरवी असून प्रत्येक पानाला स्वतःचा स्वतंत्र देठ असतो. तो देठ वाढताना अर्धा पीळ घेत असल्यामुळे पानाची मूळची खालची बाजू आकाशाकडे वळलेली असते. एका रोपाला सहसा दोन, क्वचित तीन पाने येतात. आणि एप्रिल ते जून या काळात त्यांच्यामधून निघणाऱ्या दांड्याच्या टोकाशी सहा पाकळ्यांच्या पांढऱ्या ताऱ्यांचा गुच्छ उमलतो. जमिनीखालचा कंद बारीक व लांबट असून त्यावर लसणाच्या कांडीवर असते तशी कोरडी, संरक्षक साल नसते. ही एवढीशी गोष्ट लागवडीच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे.

या वनस्पतीचे वार्षिक वेळापत्रक ध्यानात घेतल्यावाचून तिच्या लागवडीचा एकही नियम नीटसा उमगणार नाही. पानझडी अरण्यात हिवाळा सरल्यापासून वृक्षांना पालवी फुटेपर्यंतचे काही आठवडे असे असतात की, त्या अवधीत सूर्यप्रकाश थेट जमिनीपर्यंत पोचतो, आणि मागल्या शरदात गळलेल्या पानांच्या कुजण्याने माती ओलसर व सकस झालेली असते. या अल्प मुदतीचा पुरेपूर लाभ घेण्यासाठी रानलसूण फेब्रुवारी-मार्चमध्ये पाने काढतो, प्रकाश आहे तोवर कंदात अन्नाचा साठा करतो, फुलतो, बी धरतो, आणि वरचे छत्र दाट झाले की जूनच्या सुमारास पिवळा पडून भूमीआड होतो. वर्षातील उरलेले सात-आठ महिने तो डोळ्यांना दिसत नाही. त्याचे बी जड असल्यामुळे ते मातृवनस्पतीच्या पायथ्याशीच पडते, आणि म्हणून नव्या भूमीवर त्याचा प्रसार अत्यंत मंद गतीने होतो. इंग्लंडमध्ये जे रान १६०० सालापासून अखंडपणे रान म्हणूनच राहिले आहे त्याला प्राचीन रान असा दर्जा देतात, आणि तो दर्जा ठरवताना अभ्यासक ज्या वनस्पतींची साक्ष काढतात, त्यांत रानलसणाची गणना होते. ज्या जमिनीवर त्याचा अफाट ताटवा पसरलेला दिसतो, ती जमीन बहुधा पिढ्यान्‌पिढ्या नांगराखाली आलेली नसते. सबब असा ताटवा खणून काढणे म्हणजे शतकांचा संचय एका सकाळी खर्ची टाकणे होय.

मनुष्याचा आणि या वनस्पतीचा संबंधही पुरातन आहे. १५९७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या वनस्पतिकोशात जॉन जेरार्डने लिहिले आहे की, नेदरलँड्सच्या प्रदेशात ही पाने वाटून माशाबरोबर चटणीसारखी खातात. कॉकेशसच्या मुलखात रानलसूण व त्याच्या जवळच्या जाती वसंतात उकडून किंवा खारवून खाण्याचा प्रघात आजही चालू आहे. पूर्व तुर्कस्तानातील व्हान प्रांतात रानटी लसणाच्या निरनिराळ्या जाती चिरून चीजमध्ये मुरवतात. तर इंग्लंडच्या कॉर्नवॉल परगण्यात यार्ग नावाच्या चीजचा एक प्रकार रानलसणाच्या पानांत गुंडाळून तयार केला जातो. जर्मनीतील लाइपझिग शहराच्या नदीकाठच्या रानात आणि ऑस्ट्रियात व्हिएन्नाच्या भोवतालच्या टेकड्यांवर वसंतात त्याचा दर्प दूरवर दरवळतो, व ती पाने खुडण्यासाठी नागरिक सहकुटुंब बाहेर पडतात. आपल्याकडे लसणाचे महत्त्व निराळ्या वाटेने प्रस्थापित झाले: काश्यपसंहितेत लशुनकल्पाचा स्वतंत्र अध्याय आहे, आणि १८९० साली मध्य आशियातील कुचा येथे हॅमिल्टन बॉवर या अधिकाऱ्याच्या हाती लागलेल्या संस्कृत हस्तलिखिताचा प्रारंभच लसणाच्या गुणवर्णनाने होतो. मात्र तो लसूण लागवडीचा. शेतकऱ्याने कांडी लावावी आणि कांडीपासूनच पुढचे पीक घ्यावे, अशा परंपरेने चालत आलेला. रानलसणाची वंशपरंपरा याउलट आजही मुख्यत्वे बियांवर अवलंबून आहे, आणि तो मनुष्याच्या मर्जीपेक्षा ऋतूच्या मर्जीने वागतो.

आता या विषयातील सर्वांत गंभीर प्रकरणाकडे वळले पाहिजे. रानलसणाची पाने ज्या भूमीत व ज्या ऋतूत येतात, त्याच भूमीत व त्याच ऋतूत तीन विषारी वनस्पती जवळजवळ त्याच रूपाची पाने घेऊन उभ्या असतात. पहिली लिली ऑफ द व्हॅली. हिच्या सर्व भागांत हृदयाच्या क्रियेवर परिणाम करणारी ग्लायकोसाइड्स असतात. दुसरी शरदातील कोल्चिकम, जिच्यातील कोल्चिसीन हे द्रव्य पोटात गेल्यावर काही तास कसलाच त्रास जाणवत नाही, मग ओकाऱ्या व जुलाब सुरू होतात, आणि पुढे यकृत, मूत्रपिंड, अस्थिमज्जा असे एकेक इंद्रिय निकामी होत जाते. हे विष उतरवणारा खात्रीचा उतारा वैद्यांच्या हाती सहसा नसतो. मध्य युरोपात रानलसूण समजून कोल्चिकमची पाने खाल्ल्याने मृत्यू ओढवल्याची अनेक उदाहरणे वैद्यकीय दप्तरी नमूद आहेत. तिसरी ॲरम, जिच्या पानातील कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक तोंडात व घशात तीव्र दाह उत्पन्न करतात. ही तर पुष्कळदा रानलसणाच्या ताटव्यातच मिसळून उगवते, आणि तिच्या कोवळ्या पानांना पुढे येणारे बाणासारखे पंख अद्याप फुटलेले नसल्यामुळे घाईने मूठभर पाने ओरबाडणाऱ्याच्या हाती ती सहज येते.

यांतील भेद ओळखण्याची लक्षणे निश्चित आहेत. रानलसणाचे प्रत्येक पान स्वतःच्या देठावर जमिनीतून वेगळे वर येते व त्याची तळाकडची बाजू निस्तेज असते. लिलीची पाने बहुधा जोडीने, एकमेकांना वेढून एकाच दांड्यावर येतात व त्यांचा तळ चकचकीत असतो. कोल्चिकमची पाने ताठ व बिनदेठाची असून एकाच गाभ्यातून पुंजक्याने निघतात, आणि वसंतात त्यांच्या मधोमध बोंडही सापडू शकते. ॲरमच्या पानातील शिरा समांतर नसून जाळीदार असतात. पान चुरगळून वास घ्यावा, हा सर्वतोमुखी असलेला सल्ला पहिल्या एकदोन पानांपुरता खरा आहे. त्यानंतर बोटांनाच लसणाचा वास लागलेला असल्यामुळे विषारी पानही लसणाचेच भासते, आणि नेमक्या याच ठिकाणी पुष्कळांचा घात होतो. म्हणून नाकावर भिस्त न ठेवता प्रत्येक पान डोळ्यांनी, देठासकट तपासणे हाच एकमेव नियम होय. महाराष्ट्रातील वाचकाला याचा दाखला दूर शोधावयास नको: आपल्या माळरानावर व कोकणच्या किनाऱ्यालगत उगवणारा कोळकांदा दिसण्यात थेट कांद्यासारखा असतो, परंतु त्यातही हृदयावर परिणाम करणारे विष असल्यामुळे जाणती माणसे त्याला अन्न म्हणून कदापि शिवत नाहीत.

घरबागेच्या बाजूने पहिला आणि सबळ मुद्दा येथेच उपस्थित होतो. भरवशाच्या रोपवाटिकेतून आणलेले, नावानिशी ठाऊक असलेले रोप आपण स्वतः ठरावीक वाफ्यात लावले, तर त्या वाफ्यात काय आहे याची शाश्वती रानातल्या कोणत्याही ताटव्यापेक्षा कितीतरी अधिक असते. अर्थात ही शाश्वती आपोआप टिकत नाही. ज्या बागेत लिली ऑफ द व्हॅली शोभेसाठी लावली आहे किंवा कोल्चिकमचे कंद पुरले आहेत, तेथे रानलसूण त्यांच्या सन्निध लावणे सर्वथा वर्ज्य समजावे. आणि ॲरमची तांबडी फळे पक्षी खाऊन बी कोठेही टाकत असल्याने दर वसंतात वाफ्याची झडती घेऊन अनाहूत रोपे मुळासकट उपटून टाकावीत.

दुसरा मुद्दा कायद्याचा आणि नीतीचा. इंग्लंड व वेल्समध्ये १९६८ च्या चोरीविषयक कायद्यान्वये कोणाच्याही जमिनीवर आपोआप उगवलेल्या वनस्पतीची पाने, फुले किंवा फळे विक्रीच्या हेतूवाचून खुडणे ही चोरी ठरत नाही. परंतु १९८१ च्या वन्यजीव व ग्रामीण प्रदेश कायद्यान्वये जमिनीच्या मालकाच्या किंवा कब्जेदाराच्या परवानगीवाचून कोणतीही रानटी वनस्पती मुळासकट उपटणे हा गुन्हा आहे. म्हणजे पान घ्यावयास मुभा, कंद घ्यावयास मनाई, अशी हद्द कायद्यानेच आखून दिली आहे. आणि वनस्पतीच्या जीवनक्रमाचा विचार करता ती अगदी रास्त आहे. ज्याला बागेत रानलसूण लावावयाचा आहे त्याने तो रानातून खणून आणू नये, रोपवाटिकेतून किंवा शेजाऱ्याच्या बागेतील दाट झालेल्या वाफ्यातून घ्यावा, एवढे पथ्य पाळले तर बाग ही रानाची कैवारी ठरते. अन्यथा तीच रानाच्या लुटीचे निमित्त होते.

या पथ्याचे मोल अमेरिकेच्या अनुभवाने सिद्ध झाले आहे. उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागात, विशेषतः ॲपलाचियन पर्वतराजीत, ॲलियम ट्रायकोकम नावाचा रानलसूण होतो; तेथील लोक त्याला रॅम्प्स म्हणतात, आणि वसंतात त्याच्या मेजवान्या भरवण्याची त्या डोंगराळ गावांची परंपरा आहे. परंतु तेथे पानांबरोबर कंदही खाण्याची रीत असल्यामुळे आणि बियापासून पूर्ण वाढ होण्यास या जातीला पाच ते सात वर्षे लागत असल्यामुळे, शहरांतून मागणी वाढताच रानांतील ताटवे विरळ होऊ लागले. कॅनडातील क्वेबेक प्रांताने १९९५ मध्ये त्याच्या विक्रीस बंदी घालून घरगुती उपयोगासाठी माणशी वर्षाकाठी फक्त ५० कंदांची मुभा ठेवली. ग्रेट स्मोकी माउंटन्स राष्ट्रीय उद्यानाने २००४ पासून तो खणण्यास मनाई केली. आणि त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा निष्कर्ष असा निघाला की, ताटवा टिकावयाचा असेल तर दहा वर्षांतून एकदा, तोही केवळ दहा टक्के, एवढाच काढावा. हिमालयातही परिस्थिती फारशी निराळी नाही. उत्तराखंडच्या उंच खोऱ्यांत वरणाला व भाजीला फोडणी देण्यासाठी वापरला जाणारा ॲलियम स्ट्रॅची, ज्याला तेथे जंबू किंवा फरण म्हणतात, तो रानातून अतोनात काढला गेल्यामुळे संकटग्रस्त ठरला. तथापि भोटिया समाजातील कुटुंबे तो घराजवळच्या शेतात व परसातही पिकवीत आली आहेत, आणि रानावरचा भार हलका करण्याचा हाच उपाय अधिक फलदायी दिसतो. भिन्न खंडांतील ही दोन उदाहरणे एकाच निष्कर्षाकडे बोट दाखवतात: मंद वाढीच्या वनस्पतीला बाजाराचा वेग सोसवत नाही, आणि परसबाग हा त्यावरील एक प्रामाणिक तोडगा आहे.

आता प्रत्यक्ष लागवडीची तजवीज. समशीतोष्ण प्रदेशात, जेथे हिवाळ्यात खरी थंडी पडते, तेथे घराच्या उत्तरेकडील भिंतीलगतची, पानझडी झाडाखालची किंवा जुन्या कुंपणाच्या आडोशाची जागा निवडावी. जे भाजीचे वाफे सावलीमुळे निरुपयोगी ठरतात, तेच या वनस्पतीला मानवतात. माती कुजलेल्या पालापाचोळ्याने भुसभुशीत, सतत ओलसर, परंतु पाणी साचून न राहणारी असावी. उदासीन किंवा चुन्याचा अंश असलेली जमीन तिला विशेष रुचते, अतिशय आम्ल जमिनीत ती रखडते. लागवडीच्या दोन वाटा आहेत. पहिली, वसंतात पाने हिरवी असतानाच कुंडीतली किंवा नुकतीच काढलेली रोपे आणून लावणे. कंदावर कोरडी साल नसल्यामुळे तो उघड्यावर लवकर सुकतो, आणि म्हणून दुकानातल्या पुडीतील वाळलेल्या कंदांपेक्षा ओल्या मुळांची रोपे फार चांगली जगतात. ती पाच ते आठ सेंटिमीटर खोल व परस्परांपासून दहा ते पंधरा सेंटिमीटर अंतरावर लावून वर पालापाचोळ्याचा थर द्यावा, आणि पहिल्या उन्हाळ्यात वाफा कोरडा पडू देऊ नये. पाने गळून गेली म्हणजे रोप मेले असे समजून तो वाफा उकरण्याचा मोह तर मुळीच होऊ देऊ नये.

दुसरी वाट बियांची. ती दीर्घ आहे, तथापि अधिक समाधानाची आहे. बी ताजे असतानाच, म्हणजे उन्हाळ्याच्या अखेरीपर्यंत, जागच्या जागी पेरावे, कारण त्याची सुप्तावस्था मोडण्यासाठी आधी उन्हाळ्याची ऊब आणि मग हिवाळ्याचा गारठा असा क्रम लागतो. काही बिया पुढील वसंतात उगवतात, काही आणखी एक वर्ष घेतात. पहिल्या वर्षी गवताच्या पात्यासारखे एकच अरुंद पान येते, ते तणासमवेत उपटले जाऊ नये म्हणून वाफ्यास खूण करून ठेवावी. पुढील दोनतीन वर्षे पाने रुंदावत जातात, आणि साधारणतः चौथ्या वर्षाच्या सुमारास पहिले फूल दिसते. या मुदतीत पान खुडावयाचे नाही, हा संयम पाळणाऱ्याचा वाफा पुढे पुष्कळ वर्षे विशेष देखभालीवाचून पीक देत राहतो.

वाफा जोमदार झाल्यावर प्रत्येक रोपाचे एखादेच पान, तेही कात्रीने देठाशी कापून घ्यावे, म्हणजे कंदाच्या पोषणासाठी दुसरे पान शिल्लक राहते. फुले येण्यापूर्वीची पाने कोवळी व रुचकर असतात; नंतर ती तंतुमय होतात, परंतु फुले कोशिंबिरीत घालता येतात आणि हिरवी बोंडे खारवून किंवा शिरक्यात मुरवून ठेवता येतात. कंद काढण्याची गरज नाही. रोगकिडींचा उपद्रव या वनस्पतीला क्वचितच होतो. पोर्टेव्हिनिया मॅक्युलाटा नावाची एक करडी फूलमाशी मात्र तिच्यावरच उपजीविका करते व तिच्या अळ्या कंदात वाढतात, पण तिच्यामुळे वाफा नष्ट होत नाही, आणि आपल्या बागेत अरण्याचा एक जीव वस्तीस आला म्हणून तिचे स्वागतच करावे. जागा मानवली म्हणजे मात्र रानलसूण दाटीवाटीने वाढून शेजारच्या नाजूक वनस्पतींना जागा उरू देत नाही. म्हणून ज्यांना तो मर्यादेत हवा असेल त्यांनी बोंडे पिकण्यापूर्वी फुलांचे दांडे छाटावेत आणि वाफ्याच्या कडेला आलेली रोपे दर वसंतात उचलून शेजाऱ्यांना द्यावीत. कुत्री व मांजरे यांना लसूणवर्गातील सर्वच वनस्पती अपायकारक असल्यामुळे ज्यांच्या घरी ती पाळलेली आहेत त्यांनी वाफ्यास आडोसा करावा.

येथे रानलसणाच्या दोन दूरच्या भावंडांविषयी सावधगिरीची सूचना देणे कर्तव्य आहे. भूमध्यसागराच्या पश्चिम भागातून ब्रिटनमध्ये आलेला, तिधारी दांड्याचा ॲलियम ट्रायक्वेट्रम आणि कॉकेशस व इराणकडून आलेला ॲलियम पॅराडॉक्सम हे दोन्ही खाण्यास योग्य असून वाढवण्यास अतिशय सोपे आहेत. परंतु हाच त्यांचा दोष आहे. दुसऱ्याला तर फुलांच्या जागी लहान कंदिका येतात व त्या मातीत पडताच रुजतात. बर्लिनच्या उद्यानांत त्याने वसंतातील स्थानिक फुलझाडांची जागा व्यापली आहे. आणि ब्रिटिश कायद्याने या दोन्ही जाती रानात लावणे किंवा पसरू देणे दंडनीय ठरवले आहे. बागेतील माती व काडीकचरा बाहेर टाकताना त्यांच्या कंदिका रानात जातात, म्हणून ज्याला खाद्य रानलसूणच हवा आहे त्याने मूळच्या ॲलियम उर्सिनमवर संतुष्ट असावे, हे उत्तम.

मग पुण्याच्या, नाशिकच्या किंवा पणजीच्या बागकामप्रेमी वाचकाने काय करावे? त्याने ॲलियम उर्सिनमचा ध्यास धरू नये, हे स्पष्टपणे सांगणेच हिताचे आहे. कारण इकडचा सौम्य हिवाळा, मार्च-एप्रिलचे रखरखीत ऊन आणि त्यामागोमाग येणारा धुवाधार पाऊस हे त्याच्या वेळापत्रकाच्या नेमके उलट आहेत. परंतु रानलसणापासून जे सुख मिळावयाचे, म्हणजे बागेत जाऊन लसणाच्या स्वादाची ताजी पाने हवी तेव्हा कापून आणणे, ते आपल्या हवेतही सुलभ आहे. मणिपुरात मारोई नाकुप्पी या नावाने घरोघरी लावला जाणारा ॲलियम ट्यूबरोसम चपट्या पातीचा, बहुवर्षायू व उष्ण हवा सोसणारा आहे. तो बियांपासून किंवा झुडपाची फाळणी करून कुंडीतही वाढतो, जमिनीपासून दोनतीन सेंटिमीटर ठेवून पात कापली तर पुनःपुन्हा फुटतो, आणि पावसाळ्यात कुंडीचा निचरा राखण्यापलीकडे फारशी निगा मागत नाही. ईशान्य भारतातच मारोई नापाक्पी म्हणजे ॲलियम हुकेरी हा रुंद पानांचा प्रकारही स्वयंपाकात रुळलेला आहे. यांपैकी काहीच उपलब्ध नसेल तर कार्तिकात घरातल्या लसणाच्या पाकळ्या कुंडीत दाटीने टोचून हिरवी पात घेण्याचा आपला जुना परिपाठ आहेच. मात्र मुंबई-पुण्याच्या बंगल्यांच्या भिंतींवर जांभळ्या फुलांनी लहरणारी लसूणवेल ही दक्षिण अमेरिकेतून आलेली व अगदी वेगळ्या कुलातील वनस्पती आहे. तिच्या चुरगळलेल्या पानांना लसणाचा वास येतो एवढ्या साम्यावरून तिला भाजी समजू नये.

पाककृतींविषयी थोडेसे सांगितले पाहिजे, कारण वाफा कितीही उत्तम साधला तरी पानांचा स्वाद पातेल्यात गमावला तर सारा खटाटोप व्यर्थ होय. लसणाचा दर्प पानात आयता नसतो. पान कापले किंवा वाटले म्हणजे पेशी फुटून त्यांतील विकर आणि गंधकयुक्त द्रव्ये यांचा संयोग होतो व तेव्हा तो उत्पन्न होतो, आणि उष्णतेने तो लवकर विरतो. यास्तव कडकडीत फोडणीत ही पाने टाकणे म्हणजे त्यांचा नाश करणे होय. युरोपातील गृहिणी ती कच्चीच बारीक चिरून लोण्यात, दह्यात किंवा बटाट्याच्या सारात अगदी शेवटी घालतात. आणि लंडन, लेस्टर किंवा म्युनिककडे राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी त्यांचा हिरव्या मिरचीबरोबर खरबरीत ठेचा करून पाहावा, थालिपिठाच्या पिठात ती चिरून घालावीत, कढी चुलीवरून उतरल्यावर वर पेरावीत. सुक्या लसणाच्या चटणीची झणझणीत तिखटाई त्यांत नसली तरी एक वेगळी, हिरवी व सौम्य चव साधते. वाळवल्यास मात्र ही पाने बेचव होतात. तेलात वाटून बरणी भरून ठेवण्याची रीत लोकप्रिय असली तरी तेलाखाली हवा नसल्यामुळे व आम्लताही नसल्यामुळे तेथे बोट्युलिझमचे घातक जंतू वाढण्याचा संभव असतो. म्हणून असे वाटण शीतकपाटात ठेवून थोड्याच दिवसांत संपवावे, आणि अधिक काळ टिकवावयाचे असल्यास गोठवावे.

या सर्व आढाव्याचा इत्यर्थ असा निघतो. जेथे रानलसूण मूळचाच आहे व हिवाळा थंड आहे, तेथे तो घरबागेत अवश्य लावावा. कारण त्यायोगे खाणाऱ्याचा जीव सुरक्षित राहतो आणि रानातील ताटव्यांवरचा भार हलका होतो. जेथे तो उपरा आहे व मोकाट सुटण्याचे भय आहे, तेथे कुंडी किंवा बंदिस्त वाफा एवढीच मुभा त्याला द्यावी. आणि जेथे हवामानच त्याला नाकारते, तेथे त्या भूमीला मानवणाऱ्या त्याच्या आप्तांचा सन्मान करावा. परंतु कोठेही लावला तरी त्याला लागवडीच्या लसणाप्रमाणे हुकमतीत आणण्याची आकांक्षा धरू नये. चार वर्षे वाट पाहणे, वर्षातील बहुतेक काळ रिकाम्या मातीवर विश्वास ठेवणे, पान घेऊन कंद राखणे आणि शेजारच्या प्रत्येक पानाची ओळख पटवल्यावाचून ते तोंडात न घालणे, ही या वनस्पतीची मागणी आहे. आणि ती मान्य करणाऱ्याला घराच्या मागच्या दारी भाजीबरोबरच रान समजून घेण्याची खरी शिस्तही लाभते, जी कोणत्याही बाजारात विकत मिळत नाही.